तयार: नाही

त्या डेटाबेसमधल्या कॉलमांना ज्या माणसाने नावं ठेवली, त्याला मी महिनाभर नावं ठेवत होते. तो नोकरी सोडून केव्हाच गेला होता, म्हणून वाचला. एका टेबलात 'शेरा', 'शेरा दोन', 'शेरा नवीन' आणि 'शेरा नवीन खरा' असे चार कॉलम, आणि चौघांत मिळून एक धड वाक्य असेल तर शपथ. फोन नंबर आकडा म्हणून साठवलेला, त्यामुळे पुढची शून्यं गिळलेली. जन्मतारखेच्या जागी कुणीतरी 'म्हातारे' असं लिहून ठेवलेलं. मला राग पटकन येतो हे मी नाकारत नाही, घरी मला ठिणगीच म्हणतात, पण त्या टेबलांपुढे एखाद्या संतानेही टेबल आपटलं असतं, लाकडाचं.

आमची कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि मालक धरून पाच माणसं. मोठ्या दवाखान्याचं जुनं सॉफ्टवेअर शेवटच्या घटका मोजत होतं. आतली माहिती शाबूत होती, पण ती भरायचे स्क्रीन ज्या जुन्या कॉम्प्युटरांवर चालायचे ते एकेक करून बंद पडत होते. मालकांनी दवाखान्याला शब्द देऊन टाकला की सगळे फॉर्म नव्याने वेबवर करून देऊ, आणि तेही लवकर. काम मी करणार होते आणि मला विचारलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, यात आमच्या मालकांचा हात कोणी धरणार नाही.

टेबलं शंभरावर होती. एकेक फॉर्म हाताने लिहीत बसले असते तर माझे केस पिकले असते. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो एकेका टेबलापुढे उभा राहायचा आणि त्यातल्या प्रत्येक कॉलमची उलटतपासणी घ्यायचा. तुझं नाव काय? तुझ्यात मजकूर राहतो, तारीख राहते, की नुसतं हो-नाही? किती मावतं? तू रिकामा राहिलास तर चालतं का? कॉलमने दिलेल्या उत्तरांवरून फॉर्म आपोआप तयार व्हायचा. तारीख असली की कॅलेंडर. छोटा मजकूर असला की एका ओळीची चौकट, मोठा असला की मोठी. रिकामं ठेवून चालत नसेल तर नावापुढे लाल चांदणी. हो-नाही असलं की टिक करायचा चौकोन.

पहिल्यांदा तो चालवला आणि एका दमात सगळे फॉर्म समोर उभे राहिले, तेव्हा मी खुर्चीतच मागे रेलून हसले होते. मालकांनी दवाखान्याच्या लोकांना तो दाखवताना सारखं 'आमचा प्रोग्रॅम' म्हटलं. चुका सापडायला लागल्या की तो 'तुझा प्रोग्रॅम' होईल हे मला माहीत होतं. फॉर्म सुरू झाले, लोक वापरायला लागले, आणि मी पुढच्या कामाला शिव्या घालायला मोकळी झाले.

त्याच दवाखान्यात तळमजल्यावर माझा दादा एक दिवसाआड डायालिसिसला जायचा. त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लवकरात लवकर किडनी बदलावी लागेल, आणि आधी घरातलं कोणी देणारं आहे का ते बघा. वहिनीने स्वतःची तपासणी करून घेतली, तिचं रक्त जुळलं नाही. काकांना स्वतःचाच मधुमेह आवरत नव्हता. आईवडील नाहीत. घरातून कोणीच निघालं नाही तर दवाखान्याची समिती दादाचं नाव सर्वसाधारण यादीत टाकणार होती. त्या यादीत नंबर लागेपर्यंत माणूस टिकला तर टिकला.

उरले मी. हे गणित करायला प्रोग्रॅम लागत नाही. ते मी केलं होतं आणि वहिनीनेही केलं असणार. पण दवाखान्यातून मला फोन आला नाही, दादाने विषय काढला नाही, वहिनीही कधी बोलली नाही. मी दर आठवड्याला जायचे, दादाला हसवायचे, वहिनीला भाजी चिरून द्यायचे, आणि परत यायचे. येताना दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं. ते का वाटतं याची चौकशी मी स्वतःकडे कधी केली नाही.

मग वहिनी बदलली. फोन केला तर "हो", "नाही", "ठेवते". घरी गेले तर चहाचा कप माझ्या हातात न देता टेबलावर ठेवायची. माझ्या हातून काय घडलं ते मला कळेना. वाटलं दमली असेल. एक दिवसाआड त्याला घेऊन जायचं, बसायचं, आणायचं, पाण्याचा घोट मोजून द्यायचा, वर तिची शाळेतली नोकरी. माणूस चिडणारच. पण माझी वहिनी चिडली की भांडी आपटते, आणि या वेळी भांडी शांत होती.

शेवटी एका रविवारी, दादा आत झोपला असताना, मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि विचारलं की माझं काय चुकलंय ते एकदा सांगून टाक. वहिनी कणीक मळत होती. हात धुतले, पुसले, कपाटातली पर्स काढली आणि घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. दवाखान्याने छापून दिलेला होता. दादाचं नाव, खाली नातेवाइकांची यादी. वहिनीपुढे 'तयार: हो, जुळत नाही'. काकांपुढे 'तयार: नाही'. आणि माझ्या नावापुढे, माझ्या नव्या फोन नंबरसकट, 'तयार: नाही'.

"त्याला दाखवला नाही मी," वहिनी म्हणाली. "आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरतेय."

मी म्हटलं हे खोटं आहे, मला कोणी विचारलेलंच नाही, ना फोनवर, ना समोर. वहिनी म्हणाली मग कागदावर आलं कुठून, दवाखान्याला काय स्वप्न पडलं? मी म्हटलं मला माहीत नाही पण मी नाही म्हणाले नाही. असं आम्ही दोघी दबक्या आवाजात, दादा उठू नये म्हणून, ओट्यापाशी भांडत राहिलो. दबक्या आवाजात भांडण्याइतका छळ नाही. मग वहिनी थांबली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं. विचारलं नव्हतं ना? मग आता मी विचारते. मला ताकाला जाऊन भांडं लपवता येत नाही. तू तयार आहेस?"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आधी मला हे 'नाही' आलं कुठून ते बघू दे."

वहिनीने कागदाची घडी परत पर्समध्ये ठेवली. "बघ," एवढंच म्हणाली, आणि कणीक पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथे एका अरुंद खोलीत कोऑर्डिनेटर मॅडम बसतात. कोणाला किडनी हवी, कोण द्यायला तयार, कोणाची तपासणी कधी, हे सगळं त्यांच्याकडे. खोलीबाहेर रांग, आत दोन फोन, आणि मॅडमचा चष्मा डोक्यावर चढलेला, जो त्या टेबलावर शोधत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला, पण माझ्या समजुतीच्या उलट कारणाने. त्यांना मी दादाची बहीण म्हणून नको होते, फॉर्मवाली म्हणून हवी होते.

'शेरा नवीन खरा' यात नेमकं काय भरायचं ते आधी सांगा, त्या म्हणाल्या. आणि पत्त्याची चौकट एवढीशी का? आणि टॅब दाबला की भलतीकडेच का जातं? मी सगळं ऐकून घेतलं. दुसरं काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग म्हटलं, मॅडम, माझ्या नावापुढे 'नाही' कोणी भरलं? त्यांनी माझी नोंद उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. 'दान करण्यास तयार', आणि शेजारी रिकामा चौकोन.

मी नाही भरलं, त्या म्हणाल्या. कोणीच भरलेलं दिसत नाही. पण टिक नाही म्हणजे नाही, छापताना तसंच येतं. मी विचारलं, जुन्या स्क्रीनवर कसं होतं? तिथे एका अक्षराची जागा होती, त्या म्हणाल्या. हो असेल तर 'ह' दाबायचा, नाही असेल तर 'न', आणि अजून विचारलं नसेल तर हात लावायचा नाही. आता तुमच्या फॉर्मवर दोनच गोष्टी. टिक करा नाहीतर करू नका.

नोंदीत शेवटचा बदल कशाचा होता तेही दिसत होतं. मी खोली बदलली तेव्हा फोन नंबरही बदलला होता, आणि तो वहिनीनेच मॅडमना कळवला होता. मॅडमनी नोंद उघडली, नंबर बदलला, 'जतन करा' दाबलं. बस. बाहेरच्या रांगेतला एक माणूस दारात येऊन खाकरला आणि मॅडम म्हणाल्या, बाकीच्यासाठी नंतर या.

ऑफिसात येईपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं, तरी मी कोड उघडला, कारण आपली चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. हो-नाहीच्या कॉलममध्ये खरं तर तीन गोष्टी राहू शकतात. हो, नाही, आणि काहीच नाही. काहीच नाही म्हणजे अजून कळलेलं नाही. टिकच्या चौकोनात मावतात दोनच. म्हणजे माझ्या फॉर्मवर कोणीही कोणाचीही नोंद उघडून नुसतं एक अक्षर बदललं आणि जतन केलं, की 'अजून विचारलं नाही' याचं 'नाही' होत होतं. ना कोणाला दिसत, ना कोणाला टोचत.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगते. माझ्या प्रोग्रॅमने कॉलमला विचारलं होतं. तू रिकामा राहिलास तर चालतं का? आणि कॉलमने सांगितलं होतं, हो, चालतं. त्या उत्तराचा मी एकच उपयोग केला होता, लाल चांदणी लावायची की नाही तेवढा. विचारून घेतलं आणि ऐकलंच नाही. त्या जुन्या माणसाला महिनाभर नावं ठेवली, आणि त्याने बिचाऱ्याने एका अक्षराच्या जागेत तिन्ही गोष्टी नीट मावतील असं केलं होतं. नाचता येईना आणि मी त्याचं अंगण वाकडं म्हणत होते.

मी मालकांकडे गेले आणि सांगितलं की फॉर्म थांबवावा लागेल. त्यांनी आधी विचारलं की दवाखान्याने तक्रार केलीय का. मी म्हटलं मी करतेय. ते म्हणाले तू ग्राहक नाहीस. मग मी कागदाचं सांगितलं, दादाचं सांगितलं. मालक वाईट माणूस नाही. त्यांचा चेहरा खरंच पडला. दार लोटून ते हळू आवाजात म्हणाले, "अगं मग गुपचूप बदल ना. पासवर्ड तुझ्याकडेच आहे. भावाचा प्रश्न आहे, कोण विचारणार आहे? बाकीचं आपण सावकाश करू."

मी जागेवर आले आणि माझी ओळ उघडली. थेट डेटाबेसमध्ये, मध्ये फॉर्म नाही की मॅडम नाहीत. माझं नाव, नातं बहीण, आणि त्या कॉलममध्ये 'नाही'. ते पुसणं म्हणजे एका ओळीचा हुकूम. बोटं चालवली आणि थांबले. पुसून काय लिहू? रिकामं ठेवलं तर मी पुन्हा 'विचारलं नाही' होणार आणि समितीच्या बैठकीत माझं नाव तसंच बाजूला राहणार. 'हो' लिहिलं तर? तर मी उद्या तपासणीच्या टेबलावर. दोन दिवस मी आकाशपाताळ एक केलं होतं, वहिनीशी भांडले, मॅडमच्या रांगेत घुसले, मालकांवर आवाज चढवला, आणि हे सगळं कशासाठी? तर मी 'नाही' म्हणाले नाही हे सिद्ध करायला. 'हो' म्हणायला यातल्या कशाचीच गरज नव्हती. ते ओट्यापाशी उभी असतानाच म्हणता आलं असतं.

मी भित्री आहे. राग हा माझा दारावरचा फलक आहे, आत दुकान भीतीचंच. शाळेत लस टोचायला आले की मी रांगेतच बेशुद्ध पडायचे. दादा वरच्या वर्गातून येऊन माझ्याआधी स्वतःचा दंड पुढे करायचा. त्याला त्या वर्षी लागू नसलेली लसही त्याने एकदा टोचून घेतली, मला दाखवायला की काही होत नाही. आता त्याच दंडात एक दिवसाआड जाड सुया जात होत्या, आणि मी भाजी चिरून देत होते.

ओळ तशीच बंद केली. मग मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की माझी एकटीची गुपचूप बदलणार नाही. माझ्यासारखी अजून किती माणसं आहेत ते आधी बघते. फॉर्म सुरू होण्याआधीची जुनी प्रत आमच्याकडे होती. ती आणि आताची प्रत जुळवून बघितली. आधी रिकामे आणि आता 'नाही' झालेले असे चाळीसच्या वर निघाले. त्यातले काही मधल्या काळात खरंच नाही म्हणाले असतील आणि काहींना कोणी विचारलंही नसेल, आणि कोण कुठला हे आता कॉम्प्युटर सांगू शकत नव्हता. ते माणसांनाच विचारावं लागणार होतं. यादी बघून मालकांनीच दवाखान्याला फोन लावला. चूक आमची आहे असं ते पहिल्याच वाक्यात म्हणाले, 'तिची' म्हणाले नाहीत. हे मी त्यांच्या खात्यावर कायमचं जमा करून ठेवलंय.

मी प्रोग्रॅम बदलला. हो-नाहीचा कॉलम रिकामा राहू शकत असेल तर आता चौकोन येत नाही, निवडायची यादी येते. हो, नाही, विचारले नाही. काम तासाभराचं. इतकं सोपं होतं याचाच मला परत राग आला.

मग मॅडमच्या खोलीत आम्ही दोघी यादी घेऊन बसलो. त्यांनी फोन करायचे, मी नोंद नीट करायची. कोणी चिडलं, कोणी म्हणालं आम्ही तर कधीच हो कळवलंय, एका बाईंनी फोनवरच रडायला सुरुवात केली कारण त्यांच्या मुलीने तो कागद बघून महिनाभर तोंड फिरवलं होतं. मॅडम प्रत्येकाशी तितक्याच शांतपणे बोलत होत्या. मी खाली मान घालून टाइप करत होते. यादीत माझं नाव आलं तेव्हा मॅडमनी बोट उचललं आणि खालच्या ओळीवर ठेवलं.

मी म्हटलं, मॅडम, मी राहिले.

"तुमचं रिकामंच ठेवायचंय," त्या म्हणाल्या. "तसं सांगितलंय."

मी विचारलं कोणी. मॅडम जरा घुटमळल्या, चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की खरं तर हे मी तुम्हाला सांगायला नको, पण एकदा चुकीचं छापून गेलंच आहे तर आता लपवून काय उपयोग. दादाने पहिल्याच भेटीत, वहिनी औषधं आणायला खाली गेली असताना, त्यांना सांगितलं होतं की बहिणीला फोन करू नका. यादीत नाव असू द्या, विचारू मात्र नका.

इतके दिवस मला वाटत होतं की मला विचारायचं राहून गेलंय. राहून गेलं नव्हतं. माझ्या दादाने ती जागा माझ्यासाठी रिकामी राखली होती, आणि मी तिच्यात आरामात बसले होते.

मी खाली गेले. डायालिसिसच्या खोलीत खुर्च्यांची ओळ, प्रत्येकीशेजारी एक मशीन, आणि मशीनमध्ये गोल फिरणारं रक्त, ज्याच्याकडे मी कधी बघत नाही. दादा खिडकीकडच्या खुर्चीत होता. एक हात मशीनला बांधलेला, दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राचं पान उलटायची खटपट चाललेली. मी पान उलटून दिलं आणि स्टूल ओढून बसले.

"तू मॅडमना सांगितलंस मला विचारू नका म्हणून?"

"मॅडमच्या तोंडात तीळ भिजत नाही," तो म्हणाला आणि पेपरात बघत राहिला.

मी पेपर काढून घेतला. तेव्हा तो म्हणाला की तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. डोळे मिटून, दात आवळून, पण हो म्हणाली असतीस, आणि मग रोज रात्री घाबरली असतीस. ज्याला नाही म्हणता येणार नाही त्याला कशाला विचारायचं? मग खिडकीकडे बघत त्याने दुसरंही कारण सांगितलं. "आणि समज, नाही म्हणाली असतीस. तर? मला ते ऐकायचं नव्हतं."

घरात आम्ही दोघंही भित्रे आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आजवर मला वाटायचं तो मान माझ्या एकटीचा आहे. मी त्याला कागदाचं सांगितलं, 'नाही' कुठून आलं ते सांगितलं, वहिनी तो कागद पर्समध्ये घेऊन फिरते तेही सांगितलं. तो वहिनीचं ऐकून कळवळला. म्हणाला, ती मला काहीच बोलली नाही. मी म्हटलं आपल्या घरात कोणीच कोणाला काही बोलत नाही, सगळे एकमेकांना जपत बसलेत, आणि समितीची बैठक गुरुवारी आहे.

"दादा, मला विचार."

"नको गं."

"विचार म्हणते ना."

शेजारचं मशीन वाजलं, नर्स आली, बटण दाबून गेली. मग माझा मोठा भाऊ, ज्याने उभ्या जन्मात माझ्याकडे कधी ग्लासभर पाणी मागितलं नाही, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठिणगे, देशील का मला?"

"मला खूप भीती वाटते," मी म्हणाले.

"ते नाही विचारलं मी."

मी हसले, आणि हसता हसता रडू आलं, आणि त्यातच म्हणाले, "हो." मग नुसतं एकदा पुरेसं वाटलं नाही म्हणून परत म्हणाले. त्याने मोकळ्या हाताने माझं डोकं धरून हलवलं, लहानपणी हलवायचा तसं, आणि म्हणाला आधी रक्त जुळू दे, लगेच शूर होऊ नकोस. मी म्हटलं शूर कोण झालंय.

वहिनी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, तू ओट्यापाशी विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ती वर बघेना. मी उत्तर दिलं. तिने पिशवी बाजूला ठेवली, उठली, पर्समधला कागद काढून त्याचे बारीक बारीक तुकडे केले, आणि मग ते टाकायला कचऱ्याचा डबा सापडेना म्हणून माझ्याच हातात दिले.

ते मुठीत धरून मी दुसऱ्या मजल्यावर गेले. रांग संपली होती. मॅडमनी माझी नोंद उघडली. 'दान करण्यास तयार', आणि पुढे माझी नवी यादी, त्यावर 'विचारले नाही'. मॅडमनी ती खाली उघडली, बाण 'हो'वर नेला आणि थांबल्या.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं. तेवढं विचारणारा फॉर्म मी लिहिला नव्हता.

मी मान हलवली.

"तोंडाने सांगा," मॅडम म्हणाल्या.

मी तोंडाने सांगितलं.